सिएनाची बँक सिएनाच्या हातून कशी गेली

सिएना हे इटलीतल्या तोस्काना विभागातलं जेमतेम पन्नास-पंचावन्न हजार वस्तीचं शहर. बांका मोन्ते देई पास्की ही बँक या शहराची होती. १९९५ साली शहराच्या वतीने काम करणाऱ्या फाउंडेशनकडे बँकेचे सगळे शेअर होते. २०१४ च्या उन्हाळ्यात त्यातले सुमारे अडीच टक्के उरले. आज सुरू असलेली जगातली सर्वांत जुनी बँक म्हणून जिचं नाव घेतलं जातं, ती पाच शतकं शहराजवळ राहिली आणि वीस वर्षांत हातातून गेली.

हे प्रकरण बहुतेक वेळा डेरिव्हेटिव्ह व्यवहारांची, म्हणजे रोखे, व्याजदर अशा दुसऱ्या कशाच्या तरी भावावर बेतलेल्या करारांची भानगड म्हणून सांगितलं जातं. ते व्यवहार झाले, त्यांतून मोठे तोटेही झाले. पण क्रम लावून पाहिलं की ते बरेच उशिरा येतात. त्यांच्या आधीच्या प्रत्येक निर्णयात एकच अट दिसते: बँकेवरचा ताबा सिएनाबाहेर जाता कामा नये. या लेखात मी त्या अटीचा माग काढला आहे. माणसांची नावं मुद्दाम टाळून पदं दिली आहेत, कारण त्या खुर्च्यांवर दुसरी माणसं असती तरी त्यांच्यावर हाच दबाव आला असता, असं माझं मत आहे. रकमा अब्ज युरोंत आहेत. १ अब्ज म्हणजे १०० कोटी.

पार्श्वभूमी: गहाणपेढी ते बँक

१४७२ मध्ये सिएनाच्या प्रजासत्ताकाने ‘मोन्ते पिओ’ नावाची गहाणपेढी काढली. गोरगरीब आणि अडल्यानडल्या माणसांना वस्तू तारण ठेवून, सावकाराच्या दारी न जाता कर्ज मिळावं, एवढाच हेतू होता. १५५५ मध्ये प्रजासत्ताक पडलं आणि पुढे शहर फ्लोरेन्सच्या मेदिची घराण्याकडे गेलं. पेढी मात्र टिकली.

‘पास्की’ हा शब्द १६२४ साली आला. पास्की म्हणजे कुरणं. सिएनाच्या दक्षिणेला समुद्राकडे मारेम्मा नावाचा सखल, तेव्हा दलदलीचा मुलूख आहे. हिवाळ्यात डोंगरावरचे मेंढपाळ कळप घेऊन तिथे उतरत आणि सरकारी गायरानात चराई भरत. ग्रँड ड्यूक फेर्दिनान्दो दुसरा याने या चराईचं उत्पन्न बँकेतल्या ठेवींच्या हमीसाठी लावून दिलं. हमीची रक्कम २ लाख स्कुदी होती. बदल्यात सिएनाच्या नागरिकांनी आपल्या मालमत्तेची उलटहमी ग्रँड ड्यूकला दिली.

ही उलटहमी मला फार महत्त्वाची वाटते. ‘ही बँक आमची आहे’ असं सिएनाकर म्हणतात तेव्हा त्यामागे नुसता अभिमान नसतो. त्यांच्या पूर्वजांनी या बँकेसाठी घरंदारं जामीन ठेवली होती.

१८७२ मध्ये बँकेला आजचं नाव मिळालं. १९३६ मध्ये ती कायद्याने सार्वजनिक पतसंस्था ठरली, म्हणजे तिला शेअरधारक असा कुणी नव्हता. नफ्याचा भाग शहरासाठी खर्च होई. शाळा, रुग्णालय, चित्रांची डागडुजी, सतरा मोहल्ल्यांच्या ‘कोन्त्रादा’ आणि त्यांची पालिओची घोड्यांची शर्यत, सगळ्याला बँकेचा आधार. शहरात तिला ‘बाब्बो मोन्ते’ म्हणत. बाब्बो म्हणजे तोस्कानाच्या बोलीत बाबा, वडील.

मालक कोण, आणि मालकाला नेमणारं कोण

१९९० च्या कायद्याने इटलीतल्या सार्वजनिक बँकांचे दोन भाग करायला सांगितलं. व्यवसाय कंपनीकडे जायचा आणि त्या कंपनीचे शेअर लोकोपयोगी कामं करणाऱ्या फाउंडेशनकडे. हळूहळू फाउंडेशननी शेअर विकावेत आणि बँका बाजाराच्या हाती जाव्यात, अशी कल्पना होती. सिएनात ही विभागणी १९९५ साली झाली. १९९८-९९ च्या पुढच्या कायद्याने तर स्पष्टच केलं की फाउंडेशननी बँकांवरचा ताबा सोडायचा आहे. जून १९९९ मध्ये मोन्ते देई पास्कीचे शेअर मिलानच्या बाजारात आले.

फाउंडेशनच्या सर्वोच्च मंडळात १६ जागा होत्या. आठ नगरपालिकेच्या, पाच सिएना प्रांताच्या (विभागाखालच्या जिल्ह्यासारख्या प्रशासनाच्या), आणि तोस्काना विभाग, विद्यापीठ व आर्चबिशपचं पीठ यांची प्रत्येकी एक. म्हणजे तेरा जागा स्थानिक राजकारणाकडे. हे मंडळ फाउंडेशन चालवी, फाउंडेशन बँकेचं संचालक मंडळ ठरवी, बँक लाभांश देई, आणि त्या लाभांशातून फाउंडेशन त्याच नगरपालिकेला, त्याच विद्यापीठाला अनुदान देई. भरीस भर म्हणून बँकेच्या नियमांत तरतूद होती की फाउंडेशन सोडून कुणीही ४ टक्क्यांपेक्षा जास्त मतं वापरू शकणार नाही.

या वर्तुळात सगळ्यांचं भलं होत होतं, निदान पंधराएक वर्षं. शहराचा बास्केटबॉल संघ बँकेच्या नावाने इटलीचा विजेता होत होता. फुटबॉलचा संघ २००३ मध्ये पहिल्यांदाच सर्वोच्च श्रेणीत पोचला. एवढ्याशा शहराला असं वैभव देशात दुसरीकडे क्वचितच होतं. त्यामुळे वर्तुळात बाहेरचा कुणी असावा, असं म्हणायचं कुणाला कारणही नव्हतं.

अडचण

मालकाकडे एकच मालमत्ता होती: बँक. फाउंडेशनची बहुतांश संपत्ती याच एका शेअरमध्ये अडकलेली. बँकेला वाढायचं तर नवं भांडवल लागणार. नवं भांडवल बाहेरून आलं तर फाउंडेशनचा वाटा घटणार. वाटा घटू द्यायचा नाही तर फाउंडेशनने स्वतःच पैसे घालायचे. आणि ते आणायचे कुठून, तर बँकेच्याच लाभांशातून किंवा कर्जातून. वाढ, ताबा आणि सुरक्षित पुंजी, या तिन्हींपैकी एक सोडायलाच हवी होती.

पहिला निर्णय, १९९९ ते २००६: थोडं थोडं वाढायचं

याच काळात मिलानच्या कारिप्लो आणि तोरिनोच्या सान पाओलो या बँकांमागच्या फाउंडेशननी दुसरी वाट धरली. त्यांनी विलीनीकरण होऊ दिलं, मोठ्या बँकेतला लहान वाटा घेतला आणि बाकीची पुंजी इतरत्र गुंतवली. त्यांच्या बँका पुढे एकत्र येऊन १ जानेवारी २००७ रोजी इन्तेसा सानपाओलो झाली.

सिएनाने ताबा ठेवून लहान बँका विकत घ्यायचं ठरवलं. मान्तोव्हाची बांका आग्रिकोला आणि दक्षिणेतल्या लेच्चेची बांका देल सालेन्तो, जी पुढे ‘बांका १२१’ झाली, अशा खरेद्या झाल्या. दुसरीने ग्राहकांना विकलेल्या ‘माय वे’ आणि ‘फोर यू’ या गुंतवणूक योजनांमुळे वर्षानुवर्षं तक्रारी आणि खटले चालले. रोमच्या बीएनएल या बँकेशी सोयरिकीची चर्चा झाली, पण जमलं नाही. ती बँक २००६ मध्ये फ्रान्सच्या बीएनपी पारिबाकडे गेली.

तिसराही पर्याय होता. तोस्कानातली, मध्यम आकाराची, ओळखीच्या माणसांची बँक म्हणून राहायचं. त्यावर गंभीरपणे विचार झाल्याचं दिसत नाही. आजूबाजूला सगळे मोठे होत असताना लहान राहणं म्हणजे उद्या कुणाच्या तरी तोंडी जाणं, अशी तेव्हाची समजूत होती, आणि ती अगदीच निराधार नव्हती. या टप्प्यावर सिएनाला दोष देताना मी अडखळतो. शेअर विकून पुंजी वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा, हा सल्ला आज सोपा वाटतो. पण शेअरची किंमत चढती होती, लाभांश वेळेवर येत होता, आणि विकणाऱ्या मंडळाला शहरात तोंड दाखवणं कठीण झालं असतं.

दुसरा निर्णय, नोव्हेंबर २००७: आन्तोनव्हेनेता

पादोवाची बांका आन्तोनव्हेनेता ही सुमारे हजार शाखांची, ईशान्य इटलीच्या कारखानदारीच्या पट्ट्यातली बँक. ती डच एबीएन आम्रोच्या मालकीची होती. २००७ च्या ऑक्टोबरमध्ये रॉयल बँक ऑफ स्कॉटलंड, फोर्टिस आणि स्पेनची सान्तान्देर या तिघांनी मिळून एबीएन आम्रो घेतली, आणि वाटणीत आन्तोनव्हेनेता सान्तान्देरकडे आली. तिच्या हिशेबात या बँकेचं मूल्य सुमारे ६.६ अब्ज धरलं होतं.

८ नोव्हेंबर २००७ रोजी मोन्ते देई पास्कीने जाहीर केलं की आपण ती ९ अब्जांना, रोखीने, घेत आहोत. त्या किमतीत आन्तोनव्हेनेताची उपकंपनी इंटरबांका धरलेली नव्हती. सविस्तर ड्यू डिलिजन्स झालंच नाही, म्हणजे वह्या, कर्जखाती, देणी आत शिरून तपासलीच गेली नाहीत.

त्या दिवशी संचालकांपुढे काय काय वाटा होत्या? अजिबात न घेणं ही पहिली. तपासणीची मुदत मागणं आणि किंमत तिच्यावर अवलंबून ठेवणं ही दुसरी. रोखीऐवजी शेअर देऊन घेणं ही तिसरी, पण तसं केलं तर सान्तान्देर सिएनाची मोठी शेअरधारक झाली असती आणि फाउंडेशनचा वाटा घटला असता. राहिली रोखीची वाट.

घाई का झाली, याला तीन कारणं दिसतात. दुसऱ्या बँकाही ग्राहक म्हणून उभ्या असल्याची चर्चा होती. त्याच महिनाभरात युनिक्रेडिट या मोठ्या इटालियन बँकेने कापितालिया ही दुसरी बँक गिळली होती, त्यामुळे देशात तिसरं स्थान मिळवायची ही शेवटची संधी वाटत होती. आणि तिसरं कारण, मला सर्वांत वजनाचं वाटणारं: एवढी मोठी बँक आपल्या पोटात घेतली की आपल्याला कुणी गिळू शकणार नाही, असा विश्वास. खरेदीचं सगळं समर्थन ‘३ हजार शाखा, देशातली तिसरी बँक’ या वाक्यात होतं. ताब्याच्या भीतीतून ताब्याचा उपाय निघाला.

बँकेचे तेव्हाचे अध्यक्ष व्यवसायाने वकील होते आणि २००६ पर्यंत फाउंडेशनचेच अध्यक्ष होते. ज्या संस्थेने त्यांना जाब विचारायचा, तिथूनच ते आले होते. पुढच्या खटल्यांत काय झालं ते खाली आहे. पण कायद्याच्या चौकटीत असूनही ही रचना अशी होती की नोव्हेंबरच्या त्या आठवड्यात मालकाच्या बाजूने ‘थांबा, आधी वह्या दाखवा’ म्हणणारा कुणी उरला नव्हता.

काळ कोणता होता, तेही पाहायला हवं. ऑगस्ट २००७ मध्येच बँकांनी एकमेकींना पैसे देणं आखडतं घेतलं होतं. सप्टेंबरमध्ये इंग्लंडात नॉर्दर्न रॉकच्या दारात ठेवीदारांच्या रांगा लागल्या होत्या. हे सगळं वर्तमानपत्रांत येत असताना ९ अब्जांची रोख खरेदी ठरली. इटलीच्या मध्यवर्ती बँकेने मार्च २००८ मध्ये परवानगी दिली, ३० मे २००८ रोजी व्यवहार पुरा झाला, आणि साडेतीन महिन्यांनी अमेरिकेतली लेहमन ब्रदर्स ही बँक बुडाली.

पैसे कुठून आले

इथे थोडं सावकाश जायला हवं, कारण पुढची सगळी दुखणी इथूनच निघाली.

सुमारे ५ अब्ज राइट्स इश्यूतून आले, म्हणजे जुन्या शेअरधारकांनीच नवे शेअर घ्यायचे. आपला वाटा टिकवण्यासाठी फाउंडेशनने त्यात सुमारे ३ अब्ज घातले. आणखी १ अब्ज ‘फ्रेश’ नावाच्या, शेअरमध्ये बदलणाऱ्या रोख्यांतून जेपी मॉर्गन या अमेरिकी बँकेमार्फत उभे राहिले, आणि त्यातलाही जवळपास निम्मा बोजा फाउंडेशननेच उचलला. बाहेरून आल्यासारख्या दिसणाऱ्या पैशांतही मोठा भाग घरचाच होता.

शिवाय २०१८ मध्ये मुदत संपणारे सुमारे २.१ अब्जांचे दुय्यम रोखे विकले गेले. बँक अडचणीत आली तर ठेवीदारांना आधी पैसे मिळतात आणि अशा रोखेधारकांना नंतर, म्हणून ते ‘दुय्यम’. किमान रक्कम होती फक्त १ हजार युरो. शाखेतल्या काउंटरवरून ते सुमारे ४० हजार सामान्य बचतदारांकडे गेले. हे घेणारे लोक बँकेचे वर्षानुवर्षांचे ग्राहक होते. बाब्बो मोन्तेचा कागद म्हणजे घरातलाच कागद, अशा भरवशावर त्यांनी तो घेतला. या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत जास्त टोचते ती ही गोष्ट. फाउंडेशनचा वाटा टिकावा म्हणून जोखीम जिथे सरकवली गेली, तिथे ती पेलण्याची ताकद सर्वांत कमी होती.

डेरिव्हेटिव्ह: दुखण्याचं लक्षण

खरेदीनंतर भांडवल तोकडं पडलं, जुन्या गुंतवणुकींत तोटे दिसू लागले. २००८ मध्ये डॉइश बँकेबरोबर ‘सान्तोरिनी’ आणि २००९ मध्ये जपानच्या नोमुरा बँकेबरोबर ‘आलेक्सांद्रिया’ असे व्यवहार झाले. त्यांचा साधा अर्थ असा: आजचा तोटा हिशेबात लगेच न येता अनेक वर्षांवर पसरावा, आणि बदल्यात बँकेने इटलीच्या सरकारच्या दीर्घ मुदतीच्या रोख्यांची मोठी जोखीम अंगावर घ्यावी. २०११ मध्ये इटलीच्या रोख्यांचे भाव कोसळले तेव्हा ही जोखीम उलटली.

नोमुराबरोबरच्या कराराचा महत्त्वाचा दस्त नव्या व्यवस्थापनाला २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये तिजोरीत सापडला. जानेवारी २०१३ मध्ये बातमी फुटली, आणि पुढच्या महिन्यात बँकेने या व्यवहारांपोटी सुमारे ७३ कोटी युरोंची दुरुस्ती आपल्या हिशेबात केली. २०१९ मध्ये मिलानच्या न्यायालयाने जुन्या वरिष्ठांना आणि दोन्ही परदेशी बँकांना दोषी ठरवलं. २०२२ मध्ये अपिलात सगळे निर्दोष सुटले, आणि २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. म्हणजे या प्रकरणातून फौजदारी गुन्हेगार काढायचा प्रयत्न केला तर हाती काही लागत नाही. चुकीचे निर्णय मात्र जागच्या जागी आहेत.

ताळेबंदात ७३ कोटींपुढे दुसरा आकडा ठेवून पाहा. आन्तोनव्हेनेताच्या खरेदीतलं गुडविल, म्हणजे प्रत्यक्ष किमतीपेक्षा जास्त मोजलेली रक्कम, मोठ्या प्रमाणात पुसून टाकावी लागली तेव्हा एकट्या २०११ सालचा तोटा ४.७ अब्जांच्या घरात गेला.

तिसरा निर्णय, २०११: कर्ज काढून मालकी

२०११ च्या उन्हाळ्यात बँकेला पुन्हा सुमारे २.१५ अब्ज भांडवल हवं होतं. फाउंडेशनकडे रोकड नव्हती. इथे ती थांबू शकली असती: निम्म्याच्या आसपासचा वाटा घसरू द्यायचा, आणि शेअरला काही किंमत आहे तोवर त्यातला भाग विकून पुंजी वाचवायची. त्याऐवजी तिने बँकांच्या गटाकडून ६० कोटी युरोंचं कर्ज काढलं आणि बँकेचेच शेअर तारण ठेवले.

पुढचं गणित कुणालाही मांडता आलं असतं. शेअर पडला की तारण अपुरं, तारण अपुरं पडलं की धनको दारात. काही महिन्यांतच तसं झालं. वर्षअखेर फाउंडेशनवर एकूण सुमारे १ अब्जाचं कर्ज होतं आणि २०१२ च्या सुरुवातीला तिला घसरलेल्या भावात शेअर विकावे लागले. वाटा ३६ टक्क्यांच्या आसपास आला. जे २०१० मध्ये स्वतःच्या मर्जीने चांगल्या भावात विकता आलं असतं, ते दोन वर्षांनी दुसऱ्याच्या मर्जीने विकलं.

माझ्या मते चारही निर्णयांत अक्षम्य असा हाच आहे. २००७ मध्ये पुढचं संकट किती मोठं असेल ते दिसत नव्हतं, असं म्हणता येतं. २०११ मध्ये सगळं समोर होतं.

शहरावर परिणाम लगेच दिसला. फाउंडेशनची अनुदानं आटली. मे २०१२ मध्ये अर्थसंकल्प नामंजूर झाल्यावर महापौरांनी राजीनामा दिला आणि पालिकेवर प्रशासक आला. २०१४ मध्ये फुटबॉल आणि बास्केटबॉल दोन्ही क्लबांचं दिवाळं निघालं.

चौथा निर्णय, डिसेंबर २०१३: मालकाने बँकेला ‘नाही’ म्हटलं

बँकेला सरकारकडून विशेष रोख्यांच्या रूपात सुमारे ४ अब्जांची मदत मिळाली होती आणि ती फेडण्यासाठी ३ अब्जांची भांडवलवाढ जानेवारी २०१४ मध्येच करावी, असं बँकेच्या नव्या अध्यक्षांचं म्हणणं होतं. फाउंडेशनच्या नव्या अध्यक्षांना, ज्या काही महिन्यांपूर्वीच आल्या होत्या, ते मान्य नव्हतं. जानेवारीत वाढ झाली तर फाउंडेशनचा वाटा क्षणात विरघळणार होता आणि कर्ज मात्र तसंच राहणार होतं. त्यांना विकायला चार-पाच महिने हवे होते.

दोन्ही बाजूंना वजन होतं. उशीर झाला तर बाजार बिघडेल, व्याजाचा भार वाढेल, सरकारी ताबा येईल, ही बँकेची भीती खोटी नव्हती. पण फाउंडेशनच्या कायदेशीर जबाबदारीत आधी स्वतःची पुंजी येते, बँकेची सोय नंतर. २८ डिसेंबरच्या सभेत ३३.५ टक्क्यांच्या मतांवर फाउंडेशनने वाढ मे महिन्यानंतर ढकलली. बँकेला ‘नाही’ म्हणायला मालकाला १९९५ पासून अठरा वर्षं लागली.

पुढच्या चार महिन्यांत तिने शेअर विकले, कर्ज फेडलं, सुमारे अडीच टक्के ठेवून दोन परदेशी गुंतवणूकदारांशी करार केला. शेअरचे भावही त्या महिन्यांत चढले, त्यात नशिबाचा भाग होता. उन्हाळ्यात वाढ झाली ती ३ ऐवजी ५ अब्जांची. फाउंडेशन खूपच लहान झाली, पण वाचली.

पुढे काय झालं

बँकेचं शुक्लकाष्ठ संपलं नाही. २०१४ च्या युरोपीय तपासणीत तिच्यात २.१ अब्जांची तूट निघाली, सगळ्या बँकांत सर्वांत मोठी. २०१५ मध्ये आणखी ३ अब्ज घेतले. २०१६ च्या ताण-चाचणीत, म्हणजे संकट आलं तर बँक टिकेल का हे पाहणाऱ्या तपासणीत, प्रतिकूल परिस्थितीत तिचं भांडवल शून्याखाली जाताना दिसलं. डिसेंबरमध्ये ५ अब्जांची खासगी योजना घटनादुरुस्तीच्या सार्वमतानंतर कोसळली. २०१७ मध्ये सरकारने ५.४ अब्ज घातले आणि सुमारे ६८ टक्क्यांचं मालक झालं.

युरोपीय नियमांप्रमाणे सरकारी पैशाआधी दुय्यम रोखेधारकांना झळ बसायची होती. काउंटरवरून घेतलेले ते २००८ चे रोखे शेअरमध्ये बदलले गेले. पात्र ठरलेल्या लहान बचतदारांना ते शेअर देऊन सुरक्षित रोखे घ्यायची सोय मिळाली, सरकारच्या ५.४ अब्जांतले दीड अब्ज त्यासाठीच होते. म्हणजे २००७ च्या सौद्याचा एक हप्ता शेवटी इटलीच्या करदात्याने भरला.

२०२१ मध्ये युनिक्रेडिटशी विक्रीची बोलणी फिसकटली. २०२२ मध्ये अडीच अब्जांची वाढ झाली आणि ४ हजारांहून जास्त कर्मचारी मुदतीआधी बाहेर पडले. व्याजदर चढले, नफा आला, आणि नोव्हेंबर २०२३ पासून सरकारने टप्प्याटप्प्याने आपला वाटा विकला. जानेवारी २०२५ मध्ये याच बँकेने मिलानच्या मेदिओबांका या बँकेसाठी बोली लावली आणि सप्टेंबरअखेर तिचे ८६ टक्क्यांहून जास्त शेअर मिळवले. मुख्यालय अजून सिएनातल्या सालिंबेनी वाड्यातच आहे, पण मोठे शेअरधारक आता मिलान आणि रोमच्या उद्योगपती घराण्यांचे आहेत.

काय वेगळं करता आलं असतं

१९९९ ते २००६ मध्ये दरवर्षी थोडे शेअर विकून पुंजी पसरवता आली असती. ताबा गेला असता, पण दोनेक हजार शाखांच्या बँकेतला मोठा वाटा आणि बाहेरची गुंतवणूक, दोन्ही शहराकडे राहिलं असतं. कारिप्लोमागचं फाउंडेशन आजही इटलीतल्या सर्वांत श्रीमंत फाउंडेशनपैकी आहे.

२००७ मध्ये आन्तोनव्हेनेता घ्यायचीच होती, असं धरलं तरी किंमत तपासणीवर बांधता आली असती. विकणारा तयार झाला नसता तर सौदा मोडला असता, आणि आज ते किती मोठं भाग्य ठरलं असतं.

२०११ मध्ये कर्ज काढायचंच नव्हतं. इथे दुसरं मत असू शकतं असं मला वाटत नाही.

देशाने यातून एक नियम मात्र केला. एप्रिल २०१५ मध्ये फाउंडेशन आणि अर्थ मंत्रालय यांच्यात करार झाला: एका गुंतवणुकीत एकतृतीयांशापेक्षा जास्त पुंजी ठेवायची नाही, आणि कर्ज हा उपाय जवळपास बंद. सिएनात हा नियम आधीपासून असता तर २००८ मध्ये सुमारे ३ अब्ज घालणं आणि २०११ चं कर्ज, दोन्ही कागदावरच अडली असती.

एक गोष्ट त्या कराराने सुटत नाही. फाउंडेशनने पुढे बँकेवर ३.८ अब्जांचे दावे केले. २०२१ मध्ये ते १५ कोटींवर मिटले. तडजोड दोन संस्थांमध्ये झाली. २००८ मध्ये काउंटरवर हजार-हजार युरो देणाऱ्या ४० हजारांचा प्रतिनिधी त्या टेबलावर नव्हता, आणि १९९५ पासून त्या सोळा जागांमध्येही त्यांच्यासाठी एकही जागा नव्हती.